निजतांना मनगटावर घड्याळ

रात्रीं निजतांना मनगटावरचें घड्याळ काढून उशाशीं ठेवावें कीं तसेंच हातांत राहूं द्यावें, हा प्रश्न वरवर पाहतां अगदींच क्षुल्लक वाटतो. घरांतील वडील मंडळी 'घड्याळ काढून नीज' असें सांगतात, तरुण मंडळी तें ऐकून न ऐकल्यासारखें करतात, आणि वाद तेथेंच मिटतो. परंतु या लहानशा संवयीच्या मागें बराच मोठा इतिहास आहे. रात्र ही मोजण्याची वस्तु कशी झाली, ती कोणीं मोजावयाची, आणि मोजणाऱ्यानें जागें राहावयाचें कीं निजावयाचें, असा तो इतिहास. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत तो विशेष स्पष्ट दिसतो. कारण या मुलखांत रात्रीची वेळ ही पुष्कळदां प्राणाशीं गांठ घालणारी गोष्ट ठरली आहे.

रायगड किल्ला महाड तालुक्यांत आहे. शके १५९६ च्या ज्येष्ठ महिन्यांत त्या गडावर शिवाजीमहाराजांचा राज्याभिषेक झाला. जेधे शकावली या समारंभाची वेळ मोठ्या काटेकोरपणें नोंदविते. वार शुक्रवार आणि तीन घटका रात्र उरली असतां सिंहासनारोहण, अशी ती नोंद आहे. घटका २४ मिनिटांची. तेव्हां हा क्षण सूर्योदयापूर्वीं सुमारें ७२ मिनिटांचा येतो. त्या काळच्या इंग्रजी कालगणनेप्रमाणें मात्र ती तारीख ६ जून १६७४ आणि वार शनिवार. यांत कोणाचीहि चूक नाहीं. आपला वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजांचा मध्यरात्रीं बदलतो. म्हणून एकाच पहाटेला एकाच्या हिशेबीं शुक्रवार सरत होता आणि दुसऱ्याच्या हिशेबीं शनिवार लागून चार तासांहून अधिक वेळ झाला होता. या समारंभास मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन हजर होता. सकाळीं सात-आठच्या सुमारास आपण दरबारांत गेलों, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. रायगडावर त्या दिवशीं घटका आणि तास या दोन्ही मापांनीं एकच सकाळ मोजली गेली.

रात्रीच्या घटका कळत तरी कशा? त्यासाठीं घटिकापात्र असे. पाण्यानें भरलेल्या घंगाळांत तांब्याची एक पातळ वाटी तरंगत सोडीत. वाटीच्या बुडाला बारीक भोंक असे. त्यांतून पाणी चढत जाऊन बरोबर एका घटकेंत वाटी बुडे. ती उचलून रिकामी करावयाची, झालेल्या घटकेची खूण करावयाची आणि वाटी पुन्हां सोडावयाची. अहोरात्रांत साठ वेळां हें काम करावें लागे. साडेसात घटकांचा एक प्रहर होई. या यंत्रांत न चाकें, न कमान. त्याची सारी भिस्त शेजारीं बसलेल्या माणसावर. त्याला डुलकी लागली कीं वाटी बुडून तळाशीं पडून राही आणि तेवढी रात्र हिशेबांतून नाहींशी होई. सूर्य उगवेपर्यंत ती चूक सहसा कळूनहि येत नसे. सारांश, रात्रीची वेळ कळावयाची तर कोणीतरी एकानें जागें राहिलें पाहिजे आणि इतरांनीं त्याच्या भरंवशावर निजलें पाहिजे, हा त्या काळचा नियमच होता.

सामान्य माणसाच्या घरीं घटिकापात्र निघे तें लग्नमुहूर्ताच्या वेळीं. एरवीं त्याचें घड्याळ आकाशांत असे. पोलादपूर तालुक्यांतील उमरठ हें गांव तानाजी मालुसऱ्यांच्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांची समाधि तेथें आहे. त्यांनीं कोंढाण्यावर चाल केली ती माघ वद्य नवमीच्या रात्रीं, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० रोजीं. वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्रीनंतर उगवतो. पूर्वरात्रीं काळोख आणि उत्तररात्रीं उजेड, एवढें तिथीवरूनच कळे. त्यासाठीं कोणाच्या मनगटाकडे पाहावें लागत नसे. घरांतील बाई जात्यावर बसे ती शुक्राची चांदणी आणि कोंबड्याची बांग यांच्या आधारानें. महाड हें सावित्रीच्या कांठचें बंदर. बाणकोटच्या खाडींतून गलबतें वर येत तीं भरतीच्या पाण्यावर. आणि भरती दररोज सुमारें पन्नास मिनिटांनीं उशिरां येते. म्हणून आज सायंकाळीं निघणारें गलबत आठवड्यानें मध्यरात्रीं निघे. प्रवासाला जाणाऱ्या कुटुंबानें केव्हां उठावयाचें हें चंद्र ठरवी आणि तांडेल येऊन सांगे.

या आकाशांतील घड्याळाला एक मोठें वैगुण्य होतें. तें पावसाळ्यांत बंद पडे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या या पट्ट्यांत आषाढ-श्रावणांत रात्रीमागून रात्री तारा दृष्टीस पडत नाहीं. ज्या चार महिन्यांत नदी केव्हां चढेल आणि डोंगर केव्हां खचेल याचा नेम नसे, नेमक्या त्याच महिन्यांत रात्र अमोज होऊन बसे.

इंग्रजी अमदानींत तास आले. सरकारी खजिन्यावरील पहारेकऱ्यानें तासातासाला टोले द्यावे, ही पद्धत अनेक गांवीं रूढ झाली. येथेंहि जागा राहणारा एकच आणि ऐकणारा सारा गांव. पुढें सधन माणसाच्या खिशांत घड्याळ आलें. परंतु निजतांना सदरा किंवा कोट काढला कीं घड्याळहि खुंटीवर जाई. शिवाय 'किती वाजले' याचें एकच उत्तर नसे. हिंदी प्रमाण वेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली, पण मुंबई शहरानें आपली जुनी स्थानिक वेळ सोडली नाहीं. ती प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटें मागें होती आणि नगरपालिकेच्या व्यवहारांत १९५५ पर्यंत टिकली. आगगाडीची वेळ एक आणि शहराची दुसरी, अशा दुहेरी संसारांत कोंकणांतून मुंबईस गेलेल्या चाकरमान्याचीं कित्येक वर्षें गेलीं.

घड्याळ खिशांतून मनगटावर आलें तें मुख्यत्वें युद्धामुळें. एकोणिसाव्या शतकांत मनगटी घड्याळ हा युरोपीय स्त्रियांचा दागिना समजला जाई. पुरुषानें तें बांधणें थट्टेचा विषय होई. १९१४ च्या महायुद्धानें ही थट्टा संपविली. तोफांचा मारा थांबण्याचा आणि पायदळ निघण्याचा क्षण एकच असावा लागे. १ जुलै १९१६ रोजीं सोमच्या रणांगणावर हल्ल्याची वेळ सकाळीं साडेसात ही ठरली होती, आणि अधिकाऱ्यांनीं आपापलीं घड्याळें आधीं जुळवून घेतलीं होतीं. खंदकांत कपडे उतरून निजण्याची सोय नव्हती. मग घड्याळ उतरविण्याचा प्रश्नच कोठून येणार? हातांतलें घड्याळ हातांतच ठेवून निजावें, ही संवय अशा रीतीनें खंदकांत पक्की झाली. त्याच युद्धांत मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यांत सांपडल्या. महाड तालुक्यांतील फौजी आंबवडे या गांवाला तर घरोघरच्या सैनिकांमुळेंच तें नांव मिळालें. रात्रीच्या पहाऱ्याचे तास मोजण्याचें शिक्षण या मुलखांतील घरांना पलटणींतून मिळालें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होणार नाहीं.

अंधारांत वेळ दिसावी म्हणून त्या घड्याळांचे आंकडे रेडियमच्या रंगानें रंगवीत. रेडियमच्या किरणांनीं जस्ताचें एक संयुग चमके आणि दिवा न लावतां कांटे दिसत. या सोयीची किंमत दुसऱ्यांनींच दिली. अमेरिकेंत न्यू जर्सी प्रांतांतील ऑरेंज गांवच्या कारखान्यांत तरुण मुली हे आंकडे रंगवीत आणि कुंचल्याला टोंक यावें म्हणून तो ओठांत धरीत. रेडियम त्यांच्या पोटांत गेलें, हाडांत साठलें, जबड्याचीं हाडें कुजलीं, कित्येकजणी दगावल्या. त्यांच्यापैकीं पांचजणींचा दावा १९२८ सालीं तडजोडीनें मिटला. पुढें रेडियम मागें पडलें आणि त्याची जागा आधीं ट्रिटियमनें व नंतर किरणोत्सर्गरहित रंगांनीं घेतली. तथापि आजोबांच्या पेटींतलें जुनें घड्याळ आतां चमकत नाहीं, म्हणून तें निर्धोक झालें असें समजूं नये. चमक जाते ती जस्ताच्या संयुगाची शक्ति सरल्यामुळें; रेडियमचा अर्धा भाग क्षीण व्हावयास सुमारें १,६०० वर्षें लागतात. असें घड्याळ उघडूं नये आणि हातांत घालून निजूंहि नये.

वडील मंडळींच्या उपदेशाला इतरहि कारणें होतीं. किल्लीच्या घड्याळाला रोज ठराविक वेळीं किल्ली द्यावी लागे, आणि निजण्यापूर्वीं घड्याळ काढून किल्ली देणें हा नेम पुष्कळ घरांत होता. हातांतच राहिलेलें घड्याळ दुसऱ्या दिवशीं बंद पडण्याचा संभव असे. कोंकणच्या दमट हवेंत घाम आणि ओल आंत शिरून कमानीला गंज चढे, पावसाळ्यांत चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येई, निकेलच्या झांकणानें कांहींच्या कातडीला पुरळ उठे. कुशीला निजलेल्या तान्ह्या मुलाला कडा लागण्याची भीति तर आईला नेहमींच असे. उलट, मनगटाच्या ऊबेंत घड्याळाचें तपमान फारसें बदलत नाहीं, हा एक फायदाहि होता. परंतु घड्याळ ही आयुष्यांत एकदांच घ्यावयाची वस्तु होती, तोंपर्यंत हा फायदा कोणाला पटणार?

ती वस्तु हळूहळू सर्वांच्या आवांक्यांत आली. आकाशवाणीच्या ठोक्यांवर घड्याळ लावण्याची रीत घरोघर रुळली. दुसऱ्या महायुद्धांत, १९४२ पासून १९४५ पर्यंत, हिंदुस्थानांतील घड्याळें एक तास पुढें केलेलीं होतीं. १९६१ सालीं बंगळूर येथें एच. एम. टी. चा घड्याळांचा कारखाना निघाला आणि परीक्षेला बसणाऱ्या मुलाच्या किंवा बोहोल्यावर चढणाऱ्या जांवयाच्या हातावर देशी घड्याळ दिसूं लागलें. नंतर विजेरीवर चालणारीं घड्याळें आलीं आणि किल्लीचा नेम सुटला. घड्याळ काढण्याचें मुख्य कारण गेलें, आणि तें रात्रीं हातांत राहूं लागलें.

याप्रमाणें प्रत्येकाच्या मनगटावर घटिकापात्र आलें. मात्र त्याच्याशेजारीं बसलेला जागता माणूस गेला. या फरकाचा अर्थ महाड-पोलादपूरच्या रात्रींनीं सांगितला आहे. २५ व २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत जुई, दासगांव, रोहण आणि कोंडिवते या गांवांवर दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिश अमदानींतला पूल पुरानें वाहून गेला आणि दोन एस. टी. गाड्या प्रवाशांसह नदींत गेल्या. त्या गाड्यांतील बहुतेकांजवळ घड्याळ असेल आणि तें बरोबर वेळ दाखवीत असेल. पूल नाहीं, हें सांगणारें कोणी नव्हतें. २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेंहि तोच प्रकार झाला. त्या रात्रीं महाड शहर पाण्याखालीं होतें, वीज गेली होती, दूरध्वनि मुके झाले होते. अंधारांत किती वाजले एवढें कळत होतें. पाणी कोठवर चढलें हें गच्चीवर जागणाऱ्या माणसानें पाहून सांगावें लागत होतें.

आजचीं नवीं घड्याळें मुद्दाम निजतांनाच बांधतात. तीं नाडीचे ठोके मोजतात, झोंप किती गाढ झाली याचा हिशेब सकाळीं देतात आणि ठरल्या वेळीं मनगटाला हलकेच कांपवून शेजाऱ्याची झोंप न मोडतां उठवितात. रायगडावरील पहारेकऱ्याला ही किमया पाहून आश्चर्य वाटलें असतें. आणि हें यंत्र एकट्यालाच कां उठवितें, असा प्रश्नहि त्याला पडला असता. त्याच्या घंगाळांतली वाटी बुडे ती साऱ्या गडासाठीं. मनगटावर घड्याळ बांधून सुखानें निजावें, त्यांत वावगें कांहीं नाहीं. मात्र आषाढांतल्या मुसळधार पावसाच्या रात्रीं, डोंगराच्या कुशींतल्या वाडींत, घड्याळें कितीहि असलीं तरी पाळीपाळीनें कोणीतरी जागें राहावें, ही जुनी रीत अजून कालबाह्य झालेली नाहीं.