प्रेतयात्रा आणि राजरस्ता

सकाळीं कचेरीच्या वेळेस बस रस्त्यांतच थांबावी, पुढच्या मोटारींनीं कर्कश कर्णे वाजवावे, उतारूंनीं खिडक्यांतून माना बाहेर काढाव्या आणि थोड्या वेळानें ‘कोणाची तरी प्रेतयात्रा चालली आहे’ ही बातमी मागें येऊन पोंचावी, हा प्रसंग शहरवासी वाचकांस अपरिचित नाहीं. अशा वेळीं मनांत दोन वृत्ति एकामागून एक उठतात. प्रथम हात आपोआप जोडले जातात. आणि लागलीच नजर मनगटावरील घड्याळाकडे वळते. पहिली वृत्ति आपण चारचौघांत उघड करतों, दुसरी दाबून टाकतों. आमच्या वडिलांस खांद्यावरून नेत असतांना मागून एक मोटारवाला सारखा कर्णा वाजवीत होता. त्या माणसाचा आम्हांस आलेला संताप आम्ही आजहि विसरलों नाहीं. परंतु पुढें पुष्कळ वर्षांनीं एका परक्या प्रेतयात्रेमागें अर्धा तास अडकून पडल्यावर आम्हीहि तोंडांतल्या तोंडांत पुटपुटलों, हें कबूल केलें पाहिजे. रस्ता तोच, फरक एवढाच कीं, एकदां आम्ही तिरडीबरोबर चालत होतों आणि एकदां तिच्या मागें बसमध्यें बसलों होतों. रस्त्यावर मृताचा अधिकार किती व जिवंतांचा किती, हा प्रश्न या दोन जागांच्या मध्यें उभा आहे.

या तंट्यास मोटारी जबाबदार आहेत, जुन्या काळचे लोक सवडीनें जगत व मृतास आनंदानें वाट देत, असें पुष्कळांस वाटतें. इतिहास या समजुतीस पुष्टि देत नाहीं. इ. स. पूर्वीं सहाव्या शतकाच्या आरंभीं अथेन्सच्या सोलननें जे कायदे केले, त्यांत प्रेत घरांत ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशीं सूर्योदयापूर्वीं बाहेर न्यावें असा निर्बंध होता. त्याचा हेतु रहदारीची सोय हा नव्हता. श्रीमंत घराण्यांनीं मृत्यूच्या निमित्तानें चालविलेला डामडौल व आक्रोश यांस आळा घालणें हा होता. तथापि राजरस्त्यावर शोकाचें प्रदर्शन किती करावें हें ठरविण्याचा अधिकार नगराला आहे, हें तत्त्व त्या कायद्यांत स्पष्ट दिसतें.

रोममध्यें हा प्रश्न अधिक विकोपास गेला. इ. स. पूर्वीं पांचव्या शतकाच्या मध्यास झालेल्या बारा पाटांच्या कायद्यानें नगराच्या हद्दींत प्रेत पुरण्यास व जाळण्यास बंदी केली, आणि अंत्यविधीच्या वेळीं दहांहून अधिक बासरीवाले नसावेत असेंहि बजावलें. पहिल्या नियमाचा एक परिणाम असा झाला कीं, प्रत्येक मृताला शहराच्या रस्त्यांतून वेशीबाहेर नेणें भाग पडलें. म्हणजे ज्या कायद्यानें स्मशान दूर केलें, त्यानेंच प्रेतयात्रा लांब केली. थोर घराण्यांतील मृताबरोबर त्याच्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे धारण केलेले लोक चालत. मिरवणूक फोरमच्या चौकांत थांबे व तेथें मृताचें गुणवर्णन होई. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस यानें या सोहळ्याची वाखाणणी केली असून, तो पाहून तरुणांच्या अंगीं पराक्रमाची इच्छा उत्पन्न होते असें त्याचें मत होतें. परंतु पॉलिबिअस परका होता. रोमच्या रस्त्यांतून रोज पायपीट करणाऱ्या होरेस कवीचा सूर निराळा आहे. इ. स. पूर्वीं पहिल्या शतकांतील या कवीनें शहरांत कविता करणें कां अशक्य आहे याचीं कारणें सांगतांना, अवजड गाड्यांशीं झुंजत चाललेल्या प्रेतयात्रांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. सीझरच्या काळीं दिवसां चाकांच्या गाड्यांस रोममध्यें बंदी झाली होती. परंतु देवालयांच्या व सार्वजनिक इमारतींच्या सामानाच्या गाड्यांस तींतून सूट होती. तेव्हां बांधकामाच्या गाड्या व प्रेतें यांची गांठ पडणें अपरिहार्यच होतें. आमच्या शहरांत आज जें घडतें त्याहून हें फारसें वेगळें नाहीं.

अर्वाचीन काळीं या प्रश्नाचा खरा विचार लंडनला करावा लागला. इ. स. १८०१ सालीं सुमारें दहा लक्ष वस्तीचें तें शहर १८५१ पर्यंत तेवीस लक्षांच्या वर गेलें. चर्चच्या आवारांतील दफनभूमि इतक्या भरून गेल्या कीं, नवें प्रेत पुरण्यासाठीं जुनें उकरावें लागे. १८४८-४९ च्या पटकीच्या सांथीनंतर सरकारचे डोळे उघडले आणि १८५२ च्या कायद्यानें शहरांतील दफनभूमि बंद करण्याचा मार्ग खुला झाला. योगायोग असा कीं, त्याच वर्षाच्या १८ नोव्हेंबर रोजीं ड्यूक ऑफ वेलिंग्टनची अंत्ययात्रा लंडनच्या रस्त्यांतून निघाली. तो सप्टेंबरांतच वारला होता. परंतु तयारीसाठीं दोन महिने प्रेत ठेवण्यांत आलें. त्याच्यासाठीं ओतविलेला धातूचा रथ इतका जड झाला होता कीं, बारा घोडे जुंपले असतांहि पॉल मॉल रस्त्यांत त्याचीं चाकें चिखलांत रुतलीं आणि रथ बाहेर काढण्यास माणसांना हात लावावा लागला. एकीकडे हें वैभव, आणि दुसरीकडे सामान्य मजुराला आपलें मूल पुरण्यास चार हात जागा मिळेना, असा त्या वर्षीं विरोध होता.

यावर इंग्रजांनीं काढलेला तोडगा त्यांच्या स्वभावास साजेसा होता. त्यांनीं प्रेतांसाठीं आगगाडी सुरू केली. लंडनपासून सुमारें पंचवीस मैलांवर ब्रुकवुड येथें एका कंपनीनें विस्तीर्ण जमीन घेतली आणि नोव्हेंबर १८५४ पासून वॉटर्लूजवळच्या खास स्थानकांतून तिकडे गाडी धांवूं लागली. रहदारीचा प्रश्न सुटला, पण दुसरे उभे राहिले. लंडनचे बिशप ब्लोमफील्ड यांनीं १८४२ सालींच पार्लमेंटच्या समितीपुढें अशी हरकत घेतली होती कीं, दुराचारी मनुष्याचें प्रेत व प्रतिष्ठित गृहस्थाचें प्रेत एकाच गाडींतून नेणें हें आप्तांच्या मनास दुखविणारें होईल. अखेर गाडींत जिवंत उतारूंप्रमाणें मृतांसाठींहि पहिला, दुसरा व तिसरा असे वर्ग करण्यांत आले. पहिल्या वर्गाच्या शवपेटीस एक पौंड भाडें पडे, तर तिसऱ्या वर्गाच्या पेटीस अडीच शिलिंग. आप्तांस परतीचें तिकीट मिळे. पेटीचें अर्थातच एकेरी असे. मरणानें सर्व समान होतात हें वचन निदान या रेल्वेस मान्य नव्हतें.

या ब्रुकवुडशीं आमच्या मुंबईचाहि ऋणानुबंध आहे. १८६२ सालीं तेथें पारशी लोकांस स्वतंत्र जागा मिळाली आणि १९०४ सालीं जर्मनींत निवर्तलेले जमशेटजी टाटा यांस तेथेंच विसावा मिळाला. पुढें त्यांचे पुत्र रतनजी व दोराबजी यांचेंहि चिरविश्रांतिस्थान तेंच झालें. एप्रिल १९४१ मध्यें जर्मन बाँबहल्ल्यांत लंडनचें तें स्थानक उद्ध्वस्त झालें आणि प्रेतांची गाडी कायमची थांबली. ऑस्ट्रेलियांत सिडनी येथेंहि १८६७ पासून रूकवुड दफनभूमीकडे अशीच गाडी जात असे. ती १९४८ सालीं बंद पडली. दोन्ही ठिकाणीं आगगाडीची जागा पुढें मोटारीनें घेतली, म्हणजे प्रेत फिरून रस्त्यावरच आलें.

आमच्याकडे प्रश्नाचें स्वरूप मुळापासून निराळें आहे. आमच्यांत मृताला वाहनांत घालण्यापेक्षां खांदा देण्यास महत्त्व. पुढें मडक्यांत अग्नि घेतलेला पुत्र, मागें तिरडी, वाटेंत विसावा, आणि बरोबर चालणारी आळी, असा हा विधि पायींच चालण्यासाठीं झालेला आहे. म्हणून स्मशान जवळ असणें ही आमच्या दृष्टीनें केवळ सोय नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईंतील सोनापूरचें स्मशान शिवडीकडे हलविण्याचा सरकारचा बेत होता. त्यास जगन्नाथ शंकरशेट यांनीं नेटानें विरोध केला व स्मशान जागचें हललें नाहीं. गिरगांवांतून शिवडीपर्यंत खांद्यावर प्रेत न्यावयाचें म्हणजे काय, हें ज्यानें एकदां खांदा दिला आहे त्यासच कळेल.

येथपर्यंत सामान्य माणसाच्या प्रेतयात्रेचा विचार झाला. तिला रस्त्याचा थोडासा भाग व थोडासाच वेळ लागतो. परंतु थोर पुरुषाची अंत्ययात्रा ही वेगळीच वस्तु आहे. ती रस्ता अडवीत नाहीं, तर रस्ताच होते. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य टिळकांचें शव सरदारगृहांतून निघालें तेव्हां भर पावसांत लोकांचा महासागर लोटला. महात्मा गांधी व शौकत अली यांनीं खांदा दिला, आणि जेथें कधीं स्मशान नव्हतें त्या गिरगांव चौपाटीच्या वाळूवर खास परवानगीनें दहन झालें. त्या दिवशीं मुंबईचे व्यवहार थांबले असतील तर त्याची तक्रार कोणी कोणाकडे करावी? तक्रार करणारेच त्या गर्दींत होते. ३१ जानेवारी १९४८ रोजीं दिल्लींत गांधीजींचें शव ज्या लष्करी गाडीवर ठेवलें होतें, तिचें यंत्र बंद करून सैनिकांनीं ती दोरांनीं ओढली. सुमारें पांच मैलांच्या वाटेस चार तासांहून अधिक वेळ लागला. यंत्राच्या गतीला माणसाच्या पावलाशीं जुळवून घ्यावयास लावणें, हाच त्या दिवसाचा आदर होता.

७ डिसेंबर १९५६ रोजीं डॉ. आंबेडकरांची अंत्ययात्रा ‘राजगृहा’पासून दादरच्या चौपाटीपर्यंत गेली. तेथें चितेच्या साक्षीनें लक्षावधि लोकांनीं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. तीच आजची चैत्यभूमि. त्या यात्रेंत चाललेल्या माणसांपैकीं कित्येकांच्या गांवीं त्यांस भर रस्त्यानें चालण्याचीच चोरी होती, ही गोष्ट रस्त्याच्या अडथळ्याची मोजदाद करणाऱ्यानें विसरूं नये. ती चोरी अजूनहि संपलेली नाहीं. ऑगस्ट २०१९ मध्यें तमिळनाडूंत वेल्लोरच्या बाजूस एका दलित गृहस्थाचें प्रेत पुलावरून दोरांनीं खालीं सोडावें लागलें. कारण स्मशानाची वाट ज्यांच्या शेतांतून जात होती, त्या वरच्या जातींच्या लोकांची तींतून प्रेत नेऊं देण्यास हरकत होती. मद्रास उच्च न्यायालयानें या प्रकाराची आपण होऊन दखल घेतली. आम्हां शहरवासीयांस प्रेतयात्रेमुळें थांबावें लागतें. त्या मंडळींस प्रेतयात्रेलाच वाट मिळाली नाहीं. दोन्ही तक्रारी रस्त्याच्याच, पण त्यांचें वजन एक नव्हे.

तथापि याची दुसरी बाजूहि इतिहासानेंच दाखविली आहे. १८ नोव्हेंबर २०१२ रोजीं मुंबईंत बाळासाहेब ठाकरे यांची अंत्ययात्रा वांद्र्याहून शिवाजी पार्कपर्यंत गेली. तिला लोटलेला जनसमुदाय अपूर्व होता व त्यांतील शोक खरा होता, याविषयीं संशय नाहीं. परंतु त्याच वेळीं शहर बंद पडल्याबद्दल नापसंती दर्शविणारे चार शब्द समाजमाध्यमावर लिहिले म्हणून पालघरच्या एका तरुणीस, आणि त्यांस पसंती दिली म्हणून तिच्या मैत्रिणीस, पोलिसांनीं पकडलें. पुढें तो खटला मागें घेण्यांत आला. ज्या कायद्याच्या ६६ अ या कलमाचा आधार घेतला होता, तें कलम सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं घटनाबाह्य ठरवून रद्द केलें. रस्ता अडल्याची कुरकुर अशा रीतीनें भाषणस्वातंत्र्याच्या निर्णयापर्यंत जाऊन पोंचली.

या सर्व वृत्तांतावरून आम्हांस जें दिसतें तें इतकेंच. थांबणें हा मृतास दिलेला आदर खरा; पण तो दिलेला असावा लागतो, घेतलेला नव्हे. जो आपण होऊन थांबतो तो शोकांत भागीदार होतो. जो भीतीनें थांबतो तो केवळ अडकून पडतो. डामडौलास मर्यादा घालण्याचा अधिकार सोलनच्या काळापासून नगरास आहे आणि तो थोरांच्या बाबतींत आधीं वापरला पाहिजे. कारण तास दोन तास शहर रोखण्याची शक्ति त्यांच्याच अनुयायांस असते. सामान्य माणसाच्या तिरडीस मात्र दहा मिनिटें न देतां येण्याइतकी घाई कोणत्याहि शहरास असूं नये. बहुतेक माणसांना आयुष्यभर कोणी वाट करून देत नाहीं. त्यांच्यासाठीं रस्ता थांबण्याचा हा पहिला आणि शेवटचाच प्रसंग असतो.

त्या मोटारवाल्यावरचा आमचा राग आतां निवळला आहे. त्याचेंहि कोणी इस्पितळांत वाट पाहत असेल, असें आतां वाटतें. ही शक्यता त्या दिवशीं आमच्या मनांत आली असती, तर विसाव्याच्या जागीं तिरडी टेकली तेव्हां बाजूस होऊन आम्हींच त्यास वाट दिली असती.