बिघाडांतून घडलेला नाद

तंबोरा जुळविणाऱ्या गवयाकडे आपण कधीं लक्ष देऊन पाहिलें असेल, तर तो घोडीवर तारेखालीं एक बारीक दोरा हळूहळू सरकवितांना दिसतो. दोरा नेमक्या जागीं आला कीं, आतांपर्यंत कोरडी वाजणारी तार एकाएकीं झणकारूं लागते. हीच जवारी. घोडीच्या किंचित् उतरत्या पृष्ठभागाला तार पुनःपुन्हां स्पर्श करते, आणि त्या स्पर्शानें मूळ स्वरांत दडलेले वरचे स्वर जागे होतात. काटेकोर दृष्टीनें हा तारेच्या मोकळ्या कंपनांत आलेला अडथळाच होय; परंतु मिरजेच्या कारागिरांनीं पिढ्यान् पिढ्या ह्या अडथळ्याचीच कला केली.

विजेच्या गिटारीच्या इतिहासांत असाच एक प्रसंग घडला. अमेरिकेंतील नॅशव्हिल शहरीं मार्टी रॉबिन्स ह्या गायकाच्या ‘डोन्ट वरी’ ह्या गीताचें ध्वनिमुद्रण चालू असतां, ग्रेडी मार्टिन ह्याच्या गिटारीचा आवाज ज्या यंत्रमार्गानें जात होता, तो मार्ग बिघडला आणि गिटार घोगऱ्या, फाटक्या आवाजांत गुरगुरूं लागली. तो भाग पुसून न टाकतां तसाच राहूं दिला गेला. 1961 सालीं गीत बाहेर पडलें व लोकांस आवडलें. तेथील ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी ह्यानें मग तोच बिघाड ट्रान्झिस्टरांच्या साह्यानें मुद्दाम घडवून आणला. 1962 सालीं गिब्सन कंपनीनें त्याचें ‘मेस्ट्रो फझ-टोन’ हें पायानें चालू-बंद करावयाचें पेडल विक्रीस काढलें. 1965 सालीं ‘रोलिंग स्टोन्स’च्या ‘सॅटिस्फॅक्शन’ ह्या गीतानें तो नाद जगभर नेला, आणि 1966 सालीं लंडनच्या आर्बिटर कंपनीचें वाटोळें ‘फझ फेस’ आलें. जिमी हेन्ड्रिक्सनें तें प्रसिद्धीस आणिलें.

ह्या फझ फेसच्या पोटांत काय असतें? दोन ट्रान्झिस्टर, चार रोधक, तीन धारित्रें, दोन फिरत्या कळा आणि नऊ व्होल्टांची एक बॅटरी, एवढेंच! पहिला ट्रान्झिस्टर गिटारीची लहर मोठी करितो. दुसरा ती इतकी मोठी करूं पाहतो कीं, बॅटरीची शक्ति अपुरी पडते. लहरीचे माथे कापले जातात, आणि त्या कापलेल्या कडांतून वरचे स्वर उसळतात. जवारीचाच हा विजेचा भाऊबंद म्हणावा.

तें पेडल मीं ओझर येथें माझ्या घरीं जुळविलें. तांब्याच्या समांतर पट्ट्या व त्यांवर अडीच मिलिमीटरांच्या अंतरानें भोंकें असलेला स्ट्रिपबोर्डाचा पोस्टकार्डाहून लहान तुकडा त्यास पुरतो. जेथें पट्टी तोडावयाची तेथें ड्रिलचें पातें हातानेंच फिरवावें. मग एकेक तुकडा बसवून डाख द्यावा. जर्मेनियमला उष्णता सोसत नाहीं. म्हणून डाख देतांना ट्रान्झिस्टरचा पाय चिमट्यानें धरावा, म्हणजे उष्णता चिमट्यांत उतरते.

खरी अडचण ट्रान्झिस्टरांची होती. मूळ पेडलांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत, आणि पुढें सिलिकॉननें त्यांस बाजारांतून हुसकून लाविलें. आपल्या देशांत बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यानें 1962 पासून जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर बनविले. आतां त्यांचा सांठा उरला आहे तो मुख्यतः आपल्या माळ्यांवरील जुन्या रेडिओंतच.

माझ्यासमोर असे दोन रेडिओ होते. एकाची पेटी फुटलेली, कर्णा फाटलेला. दुसरा वडिलांचा, आणि तो अजून बोलत होता. पहिल्यांतील ए. सी. 128 जातीची जोडी काढून मोजली, तर एक उत्तम निघाला व दुसरा गळका. साध्या मापकयंत्रास ही गळती कळत नाहीं. तें गळणारा प्रवाहहि गुणांत धरून खोटा मोठा आंकडा दाखवितें. वडिलांच्या रेडिओंत तीच जोडी होती. दोन दिवस तो उघडाच मेजावर पडून होता, आणि माझा हात पुढें होऊन मागें येत होता. शेवटीं मीं त्यास झांकण लाविलें, आणि दुसरा ट्रान्झिस्टर मुंबईस लॅमिंग्टन रोडवर जुन्या मालांतून शोधून आणिला.

पेडल वाजूं लागलें तें निफाड तालुक्याच्या भर थंडींत, आणि आवाज भरदार, गोड लागला. वैशाखांत तेंच पेडल गुदमरल्यासारखें बोलूं लागलें. जर्मेनियमची गळती दर दहा अंशांस सुमारें दुप्पट होते. ओझरची पहांट व ओझरची दुपार त्यास एक वाटत नाहीं. तंबोऱ्याची जवारी जशी पुन्हां पुन्हां लावावी लागते, तशी मीहि आंतील एक रोधक बदलून दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा दाब पुन्हां साडेचार व्होल्टांच्या आसपास आणिला.

आपल्या घरांतील जुना रेडिओ भंगारांत देण्यापूर्वीं त्यास एकदां नवी बॅटरी घालून पाहा. तो मुका असेल, तर त्याचे ट्रान्झिस्टर एकाद्या होतकरू मुलास द्या. त्यांतून नवा नाद निघेल. पण तो बोलत असेल, तर त्यास बोलूं द्या. वडिलांचा रेडिओ आमच्या फळीवर आहे, आणि पेडल त्याच्या शेजारीं ठेविलें आहे.