बायचुंग भुतिया : इंग्लंडमधील तीन हंगाम

युरोपातील क्लबशी रीतसर व्यावसायिक करार करून तेथील साखळी स्पर्धेत खेळलेले पहिले भारतीय फुटबॉलपटू म्हणून बायचुंग भुतिया यांचा उल्लेख केला जातो. ३० सप्टेंबर १९९९ रोजी इंग्लंडच्या बेरी फुटबॉल क्लबने त्यांच्याशी तीन वर्षांचा करार केला.

त्यांच्यापूर्वी युरोपात एकही भारतीय खेळला नव्हता, असे मात्र नाही. कोलकात्याच्या मोहम्मडन स्पोर्टिंगचे महंमद सलीम यांनी १९३६ मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिक क्लबकडून दोन सामने खेळले, तेही बूट न घालता, पायांना पट्ट्या बांधून. मायदेशाच्या ओढीने ते लवकरच परतले. त्यानंतर सहा दशके ही वाट जवळपास ओसच राहिली.

भुतिया यांचा जन्म १५ डिसेंबर १९७६ रोजी दक्षिण सिक्कीममधील तिनकीताम या गावी झाला. १९९३ मध्ये ते कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये दाखल झाले. दोन वर्षांनी ते फगवाड्याच्या जेसीटी संघाकडे गेले आणि १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय फुटबॉल लीग त्या संघाने जिंकली. पुन्हा ईस्ट बंगालमध्ये आल्यावर १३ जुलै १९९७ रोजी फेडरेशन चषकाच्या उपान्त्य सामन्यात त्यांनी मोहन बागानविरुद्ध तीन गोल केले. सॉल्ट लेक स्टेडियमवर त्या दिवशी सुमारे १ लाख ३१ हजार प्रेक्षक होते. १९९८ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

देशात मिळवण्यासारखे फारसे उरले नसताना त्यांनी इंग्लंडचा रस्ता धरला. फुलहॅम, वेस्ट ब्रॉमविच अल्बियन आणि अ‍ॅस्टन व्हिला या क्लबांकडे त्यांनी चाचणी दिली. परंतु करार झाला नाही. अखेरीस बेरीने त्यांना घेतले. मँचेस्टरच्या उत्तरेकडील या लहान शहराचा क्लब त्याच वर्षी तिसऱ्या स्तरावर घसरला होता.

व्हिसाच्या अडचणी दूर झाल्यानंतर ३ ऑक्टोबर १९९९ रोजी कार्डिफ सिटीविरुद्ध भुतिया बदली खेळाडू म्हणून मैदानात उतरले. त्यांच्या फटक्यातूनच बेरीचा दुसरा गोल झाला. मात्र चेंडू सहकाऱ्याला लागून जाळ्यात गेल्याने तो त्यांच्या नावावर लागला नाही. पहिल्या गोलसाठी त्यांना १५ एप्रिल २००० पर्यंत, चेस्टरफिल्डविरुद्धच्या सामन्यापर्यंत थांबावे लागले.

बेरीकडून ३७ साखळी सामन्यांत ३ गोल, ही आघाडीच्या खेळाडूसाठी निश्चितच तुटपुंजी नोंद आहे. तथापि केवळ या आकड्यावरून त्यांना अपयशी ठरवणे न्याय्य होणार नाही. त्यांना करारबद्ध केले तेव्हाचे प्रशिक्षक नील वॉरनॉक दोनच महिन्यांत शेफिल्ड युनायटेडकडे निघून गेले. नंतर सूत्रे हाती घेणारे अँडी प्रीस हे स्वतःच आघाडीचे खेळाडू होते. पुढे गुडघ्याच्या दुखापतीने भुतिया यांचा अखेरचा हंगाम जवळजवळ वाया गेला. २००२ मध्ये क्लब आर्थिक संकटात सापडून आणखी एक स्तर खाली गेला आणि भुतिया मायदेशी परतले. यापेक्षाही मूलभूत कारण भारतातील व्यवस्थेत होते. इंग्लिश मुले कोवळ्या वयापासून क्लबच्या युवा संघात घडतात. भारतात राष्ट्रीय लीगच मुळी भुतिया वीस वर्षांचे होत असताना सुरू झाली.

परतल्यानंतर त्यांचा खेळ अधिक परिपक्व झालेला दिसला. जुलै २००३ मध्ये जाकार्ता येथे ईस्ट बंगालने थायलंडच्या बेक तेरो सासना संघाला ३-१ असे नमवून आसियान क्लब स्पर्धा जिंकली. ९ गोल करून भुतिया स्पर्धेत अव्वल ठरले. मलेशियातील पेराक व सेलांगोर एमके लँड या क्लबांकडूनही ते अल्पकाळ खेळले. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने २००७ आणि २००९ मध्ये नेहरू चषक तसेच २००८ मध्ये एएफसी चॅलेंज चषक जिंकला. या विजयामुळे २०११ च्या आशियाई चषकाचे दार तब्बल २७ वर्षांनी उघडले.

त्यांच्यामागून जाणाऱ्यांना मात्र इंग्लंड बंदच राहिले. २००९ मध्ये सुनील छेत्री यांना क्वीन्स पार्क रेंजर्सने पसंती दिली होती. परंतु खेळाडूचा देश फिफा क्रमवारीत पहिल्या ७० मध्ये असावा, या अटीमुळे त्यांना कामाचा परवाना नाकारण्यात आला. भारताचे आजवरचे सर्वोत्तम स्थान ९४ वे, तेही फेब्रुवारी १९९६ मधील. म्हणजे खेळाडूची गुणवत्ता कितीही असली, तरी अडसर देशाच्या क्रमांकाचाच. छेत्री पुढे अमेरिकेतील कॅन्सस सिटी आणि पोर्तुगालमधील स्पोर्टिंग लिस्बन येथे गेले. तेथेही त्यांना फारशी संधी मिळाली नाही.

नॉर्वेचा मार्ग निवडणारे गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू यांना तुलनेने अधिक यश लाभले. २०१४ मध्ये स्टाबेक क्लबमध्ये दाखल झालेले संधू ३० जून २०१६ रोजी युरोपा लीगच्या पात्रता फेरीत खेळले. जानेवारी २०२० मध्ये बाला देवी यांनी स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबच्या महिला संघाशी करार केला, तर २०२२ मध्ये मनीषा कल्याण सायप्रसच्या अपोलॉन संघाकडून महिलांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये उतरल्या.

भुतिया यांनी १० जानेवारी २०१२ रोजी दिल्लीत बायर्न म्युनिकविरुद्ध निरोपाचा सामना खेळला. भारत ०-४ ने पराभूत झाला. बेरी क्लबला आर्थिक डबघाईमुळे ऑगस्ट २०१९ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगमधून काढून टाकण्यात आले.