बारा फोटोंचा इतिहास

कुठल्याही मराठी मध्यमवर्गीय घरातला १९६०-७० च्या दशकातला अल्बम उघडा. काळी जाड पानं, चारी कोपऱ्यांत अडकवलेले छोटे चौकोनी फोटो, मध्ये तो कुरकुरणारा पातळ कागद. आता फोटोंकडे जरा नीट बघा. सगळे घराबाहेर उभे आहेत. उन्हाने सगळ्यांचे डोळे बारीक झालेत. सगळे कॅमेऱ्यापासून साधारण तेवढ्याच अंतरावर, डोक्यापासून पायापर्यंत दिसतील असे. स्वयंपाकघर नाही, संध्याकाळ नाही, कामात गुंतलेलं कोणी नाही.

आपण सहज म्हणून जातो, "ती पिढीच गंभीर होती रे." मला हे उत्तर पटत नाही. माझ्या मते यातला निम्मा वाटा एका कॅमेऱ्याचा आहे. त्याचं नाव आगफा क्लिक थ्री.

थोडा इतिहास. फोटोग्राफी आपल्याकडे फार लवकर आली. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले फोटोग्राफर. पण हा सगळा डॉक्टर, साहेब आणि संस्थानिकांचा खेळ. बाकीच्यांनी लग्नात किंवा मूल झाल्यावर स्टुडिओत जायचं, मागच्या रंगवलेल्या पडद्यासमोर बसायचं आणि हलायचं नाही!

घरात स्वतःचा कॅमेरा येणं ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरची. त्यात १९५६-५७ ला देशाची परकीय चलनाची गंगाजळी आटली आणि आयातीवर कडक बंधनं आली. जपानी किंवा जर्मन कॅमेरा हवा तर परदेशातून येणारा नातेवाईक शोधा, नाहीतर मुंबईत सेकंडहँड बघा. ही परिस्थिती थेट १९९१ च्या उदारीकरणापर्यंत फारशी बदलली नाही. म्हणजे जुना कॅमेरा घेणं ही आजच्यासारखी हौस नव्हती, नाइलाज होता. या कोंडीत सामान्य माणसाच्या हातात पडला तो बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीज बनवायची तो क्लिक थ्री. रोलसाठी सरकारने १९६० साली उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्स काढली, १९६७ पासून तिथे उत्पादन सुरू झालं. 'इंदू' हे नाव घरातल्या मोठ्यांना विचारून बघा, चेहरा खुलतो.

तर हा कॅमेरा नक्की काय करू शकतो हे बघायला मी पुण्याच्या जुन्या बाजारातून एक उचलला. विक्रेत्याने हजार सांगितले, सहाशेला सुटला. घेताना चार गोष्टी बघाव्यात. मागचं झाकण उघडून भिंगातून आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. उजेडाकडे धरून खटका दाबा, उघडझाप दिसली पाहिजे. अंधाऱ्या खोलीत आत टॉर्च लावा, फटीतून उजेड येता कामा नये. आणि आत रिकामा स्पूल आहे ना, ते बघा. १२० चा रोल एका स्पूलवरून दुसऱ्यावर गुंडाळला जातो, तो नसेल तर कॅमेरा म्हणजे शोभेची वस्तू.

बाकी यंत्र इतकं साधं की आमच्या क्षेत्रात याला 'हार्डकोडेड' म्हणतात :) फोकस ठरलेला, तीन मीटरच्या पुढचं सगळं बरं दिसणार. शटर ठरलेलं, सेकंदाचा साधारण तिसावा भाग. तुम्ही निवडायचं एवढंच: ऊन, ढग, किंवा ऊन अधिक पिवळा फिल्टर (आकाश गडद होऊन ढग उठून दिसावेत म्हणून). एका रोलवर बारा फोटो. संपलं.

एका शनिवारी शंभरचा ब्लॅक अँड व्हाइट रोल भरून नगरला गेलो. (जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण एसटीत "एक नगर" म्हटलं की तिकीट मिळतं.) बारा फोटोंची वाटणी आधीच ठरवली होती. चार चांदबीबी महालाचे, दोन फराहबागेचे, सहा आत्याच्या घरचे. आठ फोटो त्या काळच्या रीतीने, उन्हात. चार मुद्दाम आत, सावलीत.

महालाच्या टेकडीवर कॅमेऱ्याने मान राखली. दुपारचं ऊन, तीन मजली अष्टकोनी दगडी इमारत, पिवळा फिल्टर. फराहबागेत बाहेरून एक फोटो घेतला, एक आतल्या दालनात. मग आत्याकडे. अंगणात तीन झाले. स्वयंपाकघरात शिरलो तर आत्या म्हणाली, "इथे काय काढतोस? बाहेर चल ना उजेडात, मी साडी बदलून येते." मी म्हटलं, "नाही आत्या, तू भाकरी थापत राहा."

पुण्याला एका ओळखीच्या फोटोग्राफरने रोल धुऊन दिला. बाहेरचे आठही फोटो आलेत, आणि हुबेहूब त्या अल्बममधल्यासारखे! आत्याचे डोळे बारीक, कारण सूर्य माझ्या पाठीमागे. आतल्या चारची निगेटिव्ह जवळजवळ कोरी काच. फराहबागेत फक्त कमानीतला उजेड उमटलाय. आत्याच्या तिन्ही फोटोंत खिडकी तेवढी दिसते, आत्या नाही.

गणित सोपं आहे. कडक उन्हाच्या तुलनेत स्वयंपाकघरात उजेड पाचशे ते हजार पट कमी असतो. डोळा सांभाळून घेतो, क्लिक थ्री नाही घेऊ शकत. फ्लॅशचा बल्ब तेव्हा एका फोटोतच जळून जायचा, भाकरी थापणाऱ्या बाईवर तो कोण खर्च करणार?

माझा मुद्दा इथे आहे. ज्यांचा दिवस अंगणात, कचेरीत, सहलीत जायचा त्यांची आयुष्यं या कॅमेऱ्यात मावली. ज्यांचा दिवस चुलीपाशी गेला त्या फक्त साडी बदलून बाहेर आल्यावर दिसतात. अर्थात सगळं यंत्रावर ढकलता येणार नाही. बारा फोटोंत काय बसवायचं हे कोणीतरी ठरवत होतं, आणि कॅमेरा बहुतेक वेळा बाबा-काका-मामांच्या हातात असायचा. पण अल्बम पाहून "आजी नेहमी अशीच ताठ उभी असायची" असा निष्कर्ष काढू नका. ती तशी वर्षातून दोनदा उभी राहायची, कोणीतरी सांगितलं म्हणून.

आणखी एक. ज्याला सगळे चांदबीबी महाल म्हणतात तो तिचा नाहीच. ती कबर आहे सलाबतखानाची, मुर्तझा निजामशहाच्या वजिराची. चांदबीबीने १५९५-९६ मध्ये मोगलांविरुद्ध लढवला तो नगरचा किल्ला. म्हणजे एवढी मोठी दगडी इमारत शाबूत आहे, डोंगरावर लांबून दिसते, आणि तरी लोक तिला दुसऱ्याच माणसाच्या नावाने ओळखतात. मग दोन-अडीच इंची फोटोतल्या माणसांचं काय होणार?

म्हणून एक सुचवतो. या वीकेंडला अल्बम काढा आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशेजारी बसा. हे कोण, हे विचाराच, आणि मऊ पेन्सिलने मागे लिहा. पण त्याहून महत्त्वाचं, फोटो कोणी काढला आणि तेव्हा घरात आत काय चाललं होतं, तेही विचारा. ते कुठल्याच निगेटिव्हवर नाही. ते फक्त त्यांनाच माहीत आहे.