परक्या हाडाचा आधार

दंतवैद्यकात 'बोन ग्राफ्ट' या नावाने होणाऱ्या शस्त्रक्रियेला मराठीत अस्थिकलम म्हणतात, आणि कलम हा शब्द मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी आंब्याची बाग उभी करतो. कोकणात रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधली की ती काडी जगते, फोफावते आणि फळ आपल्याच जातीचे देते. खालचे मूळ तिला पोसण्यापुरते असते. जबड्यात नेमके याच्या उलट घडते. बसवलेला हाडाचा तुकडा बहुतांशी मरतो आणि ज्याच्या जबड्यात तो बसवला त्याचे स्वतःचे हाड त्या मृत तुकड्याच्या आधाराने वाढत जाऊन त्याची जागा घेते. दंतरोपणापूर्वीच्या अस्थिकलमाचा इतिहास हा मुख्यतः हे सत्य हळूहळू उमगत गेल्याचा इतिहास आहे.

या कलमाची गरज दात पडण्यातूनच उत्पन्न होते. दातांच्या मुळांना कवेत घेणारा जबड्यातील हाडाचा बांध दातांसाठीच घडलेला असतो, त्यामुळे दात काढला की त्या बांधाचे काम संपते आणि तो झिजू लागतो. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दाढ किंवा उपदाढ काढल्यानंतर वर्षभरात तेथील बांधाची रुंदी सुमारे निम्म्यावर आली आणि त्यातील दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली, असे आढळले. कवळी अशा झिजलेल्या बांधावरही कशीबशी टेकवता येते. हाडात रुतवायच्या धातूच्या कृत्रिम मुळाला, म्हणजे इम्प्लांटला, मात्र चहूबाजूंनी हाड लागते.

अस्थिकलमाची सर्वांत जुनी म्हणून सांगितली जाणारी नोंद मात्र दातांची नाही. अॅमस्टरडॅमचे शस्त्रवैद्य योब फान मेकरेन यांच्या, त्यांच्या मृत्यूनंतर १६६८ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात एका रशियन सरदाराची हकीकत आहे. त्याच्या फुटलेल्या कवटीला कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवला गेला आणि जखम भरून आली, परंतु माणसाच्या डोक्यात जनावराचे हाड ही गोष्ट चर्चला मान्य न झाल्याने त्याला धर्मबहिष्कृत करण्यात आले. ही हकीकत फान मेकरेन यांनी स्वतः पाहिलेली नव्हती, पत्राद्वारे कळलेली होती, म्हणून तिला वैद्यकीय पुरावा मानता येत नाही. तरी हाड कोणाचे, हा प्रश्न या विद्येच्या जन्मापासूनच तिच्याबरोबर आहे, एवढे तिच्यावरून निश्चित दिसते.

एकोणिसाव्या शतकात वाद वेगळ्या मुद्द्यावर पेटला. नवे हाड हाडावरच्या पातळ आवरणातून निपजते, असे लियाँचे लुई ओलिए यांनी १८६७ च्या आपल्या ग्रंथात प्रयोगांसह मांडले. ग्लासगोचे विल्यम मॅक्युएन यांना ते पटले नाही. जंतुसंसर्गाने एका लहान मुलाच्या दंडाचे हाड नष्ट झाले होते; मुडदुसाने पाय वाकलेल्या दुसऱ्या मुलांच्या नळ्या सरळ करताना जे पाचरीसारखे तुकडे काढावे लागत, ते मॅक्युएन यांनी त्या दंडात एकामागून एक रोवले आणि दंड पुन्हा उभा केला. एका माणसाचे हाड दुसऱ्याला देण्याचा हा प्रयोग १८८१ साली प्रसिद्ध झाला. बसवलेले हाडच जगते आणि वाढते, असा अर्थ त्यांनी त्यातून काढला. पण १८९३ साली आर्थर बार्ट यांनी बसवलेल्या तुकड्यांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली तेव्हा त्यांना तेथे मृत हाड आणि त्यात सरपटत शिरणारे नवे हाड दिसले. मॅक्युएन यांचा हात यशस्वी होता, त्यांचे स्पष्टीकरण मात्र चुकले होते. आणि रुग्णाच्या दृष्टीने त्यांचा हातच मोलाचा ठरला.

जबड्यासाठी हे ज्ञान नेमके वापरण्याची निकड इम्प्लांटमुळे आली. स्वीडनमधील पेर-इंग्वार ब्रोनमार्क १९५० च्या दशकात सशाच्या पायाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहण्यासाठी टायटॅनियमचे छोटे उपकरण बसवत होते, आणि ते काढायला गेले असता हाडाने धातूला घट्ट धरलेले आढळले. १९६५ साली योस्टा लार्सन या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसवली गेली, आणि १९८२ च्या टोरंटो परिषदेनंतर ही पद्धत जगभर स्वीकारली गेली. आता ज्यांच्या जबड्यात हाडच उरले नाही त्यांचे काय, हा प्रश्न दारात उभा राहिला.

वरच्या जबड्यात, दाढांच्या वर, सायनस नावाची हवेची पोकळी असते, आणि दाढा गेल्यावर तिच्या व तोंडाच्या मध्ये कधीकधी कागदासारखा पातळ थर उरतो. अमेरिकेतील फिलिप बॉइन आणि रॉबर्ट जेम्स यांनी १९८० साली या पोकळीचे नाजूक अस्तर न फाडता वर उचलून खाली रुग्णाच्याच कमरेचे हाड भरण्याची रीत प्रसिद्ध केली. १९८८ साली स्वीडनच्या क्रिस्टर डालिन आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या जबड्यात आरपार भोके पाडून काही भोकांवर टेफ्लॉनचा पडदा लावला. पडद्याआड हाड भरून आले, उघड्या भोकांत मात्र वेगाने वाढणारे मऊ मांस आधी शिरले. हाडाला जागा राखून दिली आणि सवड दिली की ते आपले काम करते, हे यातून सिद्ध झाले. आजही दंतशस्त्रवैद्य पाव ते एक मिलिमीटरचे अस्थिकण छोट्या वाटीत सलाइनमध्ये वा रक्तात ओल्या वाळूसारखे कालवतो, ते खड्ड्यात हलक्या हाताने दाबतो, वर विरघळणारा पडदा पांघरतो आणि हिरडी ताण न देता शिवतो. त्यानंतर सहसा चार ते नऊ महिने थांबावे लागते, आणि ही घाई न करण्याची शिस्त या शस्त्रक्रियेत सुईदोऱ्याइतकीच महत्त्वाची आहे.

हे कण अनेक ठिकाणांहून येतात. रुग्णाची हनुवटी किंवा जबड्याचा मागचा भाग हा सर्वांत विश्वासाचा साठा, पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते. मुंबईत टाटा स्मारक रुग्णालयात १९८८ साली ऊतीपेढी सुरू झाली, जेथे दान मिळालेले मानवी हाड गोठवून, सुकवून आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करून पुरवले जाते. बाजारात सर्वत्र मिळणारी भुकटी मात्र बहुधा गाईबैलांच्या हाडांपासून, त्यातील सेंद्रिय अंश काढून, केलेली असते. बसवलेले हाड मरते आणि आपले हाड त्याची जागा घेते, हा नियम येथे पुरता लागू होत नाही, कारण हे खनिज कण अतिशय सावकाश झिजतात आणि कित्येक वर्षांनंतरही नव्या हाडात रुतलेले सापडतात. वैद्यकीयदृष्ट्या त्याने अपाय होत नाही, पण ज्याच्या तोंडात ते राहणार आहेत त्याची त्याबाबत श्रद्धा असू शकते, आणि त्या रशियन सरदाराची श्रद्धा जशी त्याच्या जखमेइतकीच खरी होती तशीच हीदेखील खरी आहे. म्हणून संमतिपत्रावर सही घेण्यापूर्वी वापरायचे हाड माणसाचे, गाईचे, डुकराचे की कृत्रिम, हे रुग्णाला त्याच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. आणि ते सांगितले गेले नाही, तर रुग्णाने निःसंकोच विचारले पाहिजे.