कार्बन डायऑक्साइड निष्कासन : पर्याय आणि खर्च

हवेत आधीच मिसळलेला कार्बन डायऑक्साइड काढून घेऊन तो माती, खडक, लाकूड किंवा भूगर्भात दीर्घकाळ अडकवणे म्हणजे कार्बन निष्कासन. धुराड्यातला कोळशाचा धूर बाहेर पडण्याआधी पकडणे यात मोडत नाही. जगात वर्षाला सुमारे २ अब्ज टन वायू असा काढला जातो. जवळपास सगळा झाडेच काढतात. झाडे स्वस्त खरी, पण वणवा लागला की जमा केलेले परत हवेत जाते.

संयुक्त राष्ट्रांच्या आयपीसीसी या हवामानबदलविषयक मंडळाच्या २०२२च्या अहवालात टनामागे खर्चाचे अंदाज असे : हवेतून थेट शोषण १०० ते ३०० डॉलर, खडकाची भुकटी ५० ते २००, बायोचार (काडीकचरा भाजून केलेला कोळसा) १० ते ३४५. पल्ले इतके रुंद आहेत, की जागा ठरल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

विदर्भात हाताशी असलेला माल म्हणजे पऱ्हाटी, कपाशीची वाळलेली झाडे. नागपूरच्या सक्करदऱ्याकडून उमरेड रस्त्याने शहराबाहेर पडले, की वेचणीनंतर उपटलेल्या पऱ्हाटीचे ढीग धुऱ्यावर दिसतात. थोडी चुलीत जाते, उरलेली पेरणीआधी पेटवतात. तीच कमी हवेत भाजली, तर उरलेल्या कोळशात, म्हणजे बायोचारमध्ये, तिच्यातला साधारण निम्मा कार्बन टिकतो. टनभर वाळल्या पऱ्हाटीमागे ढोबळमानाने पाऊण टन कार्बन डायऑक्साइड अडकतो. मात्र पऱ्हाटी फुगीर असते. ट्रॉली भरते, वजन भरत नाही. भट्टी लांब असली तर डिझेलच पैसे खाते. शिवाय चुलीची पऱ्हाटी उचलली, तर त्या घराला सरपण दुसरीकडून आणावे लागते. हा खर्च हिशेबात सहसा सुटतो.

दुसरा पर्याय खडकाच्या भुकटीचा. बेसाल्ट फोडताना गिट्टीबरोबर निघणारी चुरी शेतात पसरली, तर पावसाच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड तिच्याशी अभिक्रिया करून बायकार्बोनेटच्या रूपात वाहून जातो. नागपुरात गिट्टीखदान हे वस्तीचेच नाव आहे, तेव्हा दगडाची वाण नाही. अडचण मातीची आहे. कपाशीची काळी माती याच दगडाची आणि अल्कधर्मी, त्यामुळे चुरी तिथे हळू विरघळते. पूर्वेकडच्या धानाच्या ओल्या बांध्या अधिक सोयीच्या. छत्तीसगड व मध्य प्रदेशात धान-शेतकऱ्यांबरोबर हे काम करणाऱ्या माटी कार्बन या संस्थेला २०२५ मध्ये ५ कोटी डॉलरचे एक्सप्राइझ पारितोषिक मिळाले. किती वायू खरोखर अडकला हे मोजणे मात्र खर्चिक आणि वेळखाऊ असते.

थेट शोषणात मोजमाप सोपे, वीज मात्र अफाट लागते. आइसलँडमधील मॅमथ या २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता वर्षाला ३६,००० टन आहे. नागपूरजवळच्या कोराडीच्या औष्णिक केंद्रातला ६६० मेगावॅटचा एकच संच पूर्ण भाराने चालला, तर तेवढा वायू तीन दिवसांच्या आत बाहेर सोडतो.