कवटी उघडण्यापूर्वी : बोईसर ते परळ

#थ्रेड मेंदूतील गाठीच्या शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शल्यविशारदांच्या नावांनी लिहिला जातो. आज तो रुग्णाच्या बाजूने, पालघर-बोईसरच्या फलाटावरून पाहू.

२५ नोव्हेंबर १८८४. लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी एका तरुण शेतकऱ्याच्या मेंदूतील गाठ काढली. क्ष-किरणांचा शोध अद्याप अकरा वर्षे दूर होता. गाठीची जागा केवळ लक्षणांवरून ताडलेली. अंदाज अचूक ठरला. रुग्ण मात्र महिन्याभरातच जंतुसंसर्गाने दगावला. वैद्यकाच्या ग्रंथांत हे यश म्हणून नोंदलेले आहे. कोणाचे, हे विचारायला हरकत नाही.

पुढे १९१८-१९ मध्ये वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र घेण्याची रीत शोधली. कण्यातून द्रव काढायचा, हवा सोडायची, ती सर्वत्र पोहोचावी म्हणून रुग्णाला निरनिराळ्या स्थितींत कलते करायचे. असह्य डोकेदुखी, ओकाऱ्या. शस्त्र लागण्याआधीच माणूस अर्धमेला होई! १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र निघाले आणि ही यातना हळूहळू इतिहासजमा झाली. माझ्या मते रुग्णासाठी या क्षेत्रातील सर्वांत मोठी क्रांती शस्त्राची नव्हे, चित्राची आहे.

भारतात डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोरला मेंदूशल्यचिकित्सा सुरू केली. आपल्याकडच्या रुग्णांसाठी मात्र 'मोठे हॉस्पिटल' म्हणजे परळ : केईएम (१९२६) आणि टाटा (१९४१).

१९६९ मध्ये तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, बोईसरला कारखाने वाढले. अणूचे विभाजन दारात आले. अवघड शस्त्रक्रियेची वाट तरीही सुमारे शंभर किलोमीटरची, मुंबईचीच राहिली. डहाणूपर्यंत लोकल धावू लागली ती एप्रिल २०१३ मध्ये. तोवर शटल किंवा लांब पल्ल्याची गाडी. आकडी येणाऱ्या माणसाला त्या गर्दीतून नेणे काय असते, हे सोबतच्यालाच ठाऊक.

जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आली, जी आज महात्मा फुले यांच्या नावाने चालते. तिने शस्त्रक्रियेचा मोठा भार उचलला. नातेवाइकाची बुडालेली मजुरी तिच्यात बसत नाही. त्याच्या मुक्कामाची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली तर नशीब, नाही तर परळचा पदपथ. केसपेपरवर गाठीचे माप असते; या मुक्कामाला रकाना नाही.

शटलच्या काळात आपल्या घरून कोणी उपचारांसाठी परळला गेले असेल, तर ती आठवण खाली अवश्य लिहा. जुने केसपेपर असतील तर रद्दीत देऊ नका.